सोनबा मासा काळा का पडला

रांजणपूर नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावाला एक राजा होता. पाय आत घ्या आधी. आणि पांघरुणाची ओढाओढ नको, सगळ्यांना पुरेल एवढं आहे ते.

तर रांजणपुरात काय होतं, माणसाची पारख त्याच्या घरच्या रांजणावरून व्हायची. ज्याचा रांजण स्वच्छ, तो माणूस भला. म्हणून सकाळ झाली रे झाली, की घराघरातून खसाखसा आवाज. राख घ्यायची, नारळाची शेंडी घ्यायची आणि रांजण असा घासायचा, की त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. आता मातीच्या रांजणात तोंड कसं दिसेल, असं विचारू नका. त्या लोकांना दिसायचं.

राजाला दोन मुली. थोरली केतकी, धाकटी शेवंती. राणी देवाघरी गेलेली, त्यामुळे राजवाड्यात सगळा कारभार राजाच्या आत्याचा. आत्याबाई बोलल्या की राजासुद्धा गप्प बसायचा, बरं का. आणि राजवाड्याच्या अंगणात एक दगडी हौद होता. त्यात केतकीचा मासा राहायचा. सोनमासा. अंगावर ऊन पडलं की असा लखलखायचा, की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. त्याचं नाव सोनबा.

मग काय झालं, केतकीचं लग्न झालं. सासर सात डोंगरांपलीकडे. पालखी निघाली तशी शेवंतीने दांडीच धरून ठेवली. काही केल्या सोडेना. म्हणाली, "ताई, तू सुखात आहेस की नाही, मला कसं कळणार? सासरी गेलेल्या सगळ्याजणी एकच निरोप धाडतात. मी खुशाल आहे, काळजी नसावी. खरं कोण सांगतं?"

पोरगी बोलली ते खोटं नव्हतं. माहेरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून बायका तसंच सांगायच्या. केतकीने हौदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोनबाकडे बघत जा. तो सोनेरी आहे तोवर मी सुखात आहे, असं समज."

मग शेवंतीने दांडी सोडली. पालखी गेली.

तेव्हापासून शेवंती उठली की आधी हौदाशी. सोनबा सोनेरी? मग ताई सुखात. मग दूध प्यायचं, वेणी घालायची, सगळं. आणि गंमत म्हणजे राजाही तेच करायचा. पण तो राजा ना, कोणी बघत नाही असं बघून हळूच डोकवायचा. आणि मग मिशीत हसत दरबारात जायचा.

असं करता करता दसरा आला. दसऱ्याला आपण काय वाटतो? आपट्याची पानं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणतो. तर रांजणपूरच्या लोकांच्या मनात आलं, की आपल्या केतकीबाई सासरी आहेत, त्यांना सोनं कसं द्यायचं? त्यांच्या माशाला देऊ. आणि सगळं गाव लोटलं की हो हौदाशी! जो येईल तो पानांची जुडी हौदात सोडतोय. कोणी पुरणपोळीचा तुकडा टाकतंय, कोणी भात टाकतंय. सगळं प्रेमाने, बरं का. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. संध्याकाळी हौदात पाणी कमी आणि पानं जास्त. सोनबा कुठे आहे तेच दिसेना.

मग ती पानं कुजली. भात आंबला. पाण्याला वास यायला लागला. आणि एका सकाळी शेवंती बघते तर सोनबा वर येऊन तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय. आणि त्याच्या पंखांच्या कडा लालभडक.

शेवंती तशीच राजाकडे धावली. ताई! ताईला काहीतरी झालं!

राजाने ताबडतोब घोडेस्वार पाठवला. तो गेला, सात डोंगर ओलांडून परत आला आणि म्हणाला, "केतकीबाईंचा निरोप आहे. मी खुशाल आहे, काळजी नसावी."

"झालं!" राजा म्हणाला. "हे तर सगळ्याच म्हणतात."

तेवढ्यात आत्याबाईंनी पदर खोचला. म्हणाल्या, "माशाला काही कळत असेल-नसेल, पण हौद किती घाण झालाय ते बघा. लोक काय म्हणतील?" दिवाळी तोंडावर आली होती. मग काय विचारता! पाणी सगळं उपसलं. पानं काढली, ते बरं केलं. पण नंतर राख आली, शेंडी आली. हौदाच्या दगडांवर हिरवं, बुळबुळीत शेवाळ होतं, ते खरवडून खरवडून काढलं. दगड असे पांढरे केले, की जसे काल खाणीतून आणले. मग विहिरीचं थंडगार ताजं पाणी भरलं आणि घमेल्यात ठेवलेला सोनबा त्यात सोडला.

आता सोनेरी होईल, आता सोनेरी होईल, म्हणून सगळे वाट बघत बसले. आणि झालं काय? लाल कडा गेल्या, पण सोनबाच्या अंगावर काळे डाग उठले. पाठीवर काळं, पोटावर काळं, शेपटीच्या टोकाला काळं. जसं कोणी काजळाचं बोट फिरवावं.

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाला, "माझ्या लेकीला छळतायत! सेनापती, फौज तयार करा!"

आणि सैनिकांनी तलवारी काढल्या. रांजणपूरचेच सैनिक ते. आधी राखेने घासायला बसले.

इकडे आत्याबाईंचा दुसरा उपाय. "दृष्ट लागलीय. सगळ्या गावाने डोळे भरून बघितलंय ना माशाला!" त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि हौदावर जाडजूड घोंगडी टाकली. सगळीकडून बंद. उजेडाचा कवडसा आत जायला नको. आणि रोज सकाळी घोंगडी तेवढी उचलायची, सगळं पाणी बदलायचं, दगड घासायचे, पुन्हा घोंगडी.

मग सोनबा पांढरा पडायला लागला. जे सोनेरी उरलं होतं ते फिकट झालं, फिकट होत होत ताकासारखं झालं. काळे डाग होते तसेच. आता तो सोनमासा आहे, हे कोणाला सांगून पटलं नसतं.

शेवंतीला जेवण जाईना. हौदाशी बसून राहायची. घोंगडीचं टोक उचलून आत बघायची. ताई लाल झाली म्हणजे काय झालं? रडली का? काळी झाली म्हणजे? मारलं का कोणी? आणि पांढरी झाली म्हणजे? पुढचं तिला मनातसुद्धा आणवेना.

पण ही शेवंती होती चौकस. रडता रडतासुद्धा तिचं डोकं चालू असायचं. तिच्या मनात आलं, गावाबाहेरच्या तळ्यात केवढे मासे आहेत. त्यात तर रानातली पानं पडतात. म्हशी डुंबतात. आणि मासे कसे, चकचकीत. मग ते तळं कोण घासतं?

तिने आत्याबाईंना विचारलं, "आत्या, तळं कोण घासतं?" आत्याबाई म्हणाल्या, "देव घासतो. आणि तू आधी जेवून घे."

तिने सेनापतीला विचारलं, "सेनापती, तळं कोण घासतं?" सेनापती म्हणाले, "तळं घासायला एवढी राख कुठून आणायची, बाईसाहेब?" आणि परत तलवारीकडे वळले.

तिने राजाला विचारलं, "आबासाहेब, तळं कोण घासतं?" राजाने डोळे पुसले आणि म्हणाला, "पोरी, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला तळं सुचतंय?"

मग शेवंती उठली आणि गेली तळ्यावरच. भर दुपारी. भर दुपारी एकट्याने पाण्यावर जाऊ नये, हे माहीत आहे ना? का जाऊ नये? कारण त्या वेळी पाण्यातून आसरा वर येतात. सात बहिणी असतात त्या, पाण्यात राहणाऱ्या. त्यांना चोळी-बांगडी वाहिली तर भलं करतात, पाण्याची खोडी काढली तर ओढून नेतात. शेवंतीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ताईच्या काळजीपुढे तिला भीती वाटायला फुरसतच नव्हती.

ती काठावर उभी राहिली आणि ओरडली, "हे तळं कोण घासतं गं?"

पाणी हललं. आणि वर कोण आलं? सगळ्यात धाकटी आसरा. शेवंतीएवढीच होती दिसायला. केस ओले, हिरवे-काळे, हातात हिरव्या बांगड्या. सहा थोरल्या बहिणी खाली झोपल्या होत्या म्हणून ही एकटीच काठावर येऊन बसली. म्हणाली, "हळू बोल, ताया उठतील. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बस इथे."

आणि तिने काय केलं, तळ्यातला एक दगड उचलला. शेवाळाने माखलेला, हातातून निसटेल असा. मग बोटावर पाण्याचा थेंब घेतला आणि शेवंतीच्या डोळ्यात सोडला. म्हणाली, "आता बघ."

शेवंतीने बघितलं, आणि बघतच राहिली. त्या बुळबुळीत शेवाळात एक अख्खं गाव होतं, बरं का! इवलाले इवलाले जीव. मोहरीच्या दाण्यावर शंभर मावतील एवढे. आणि सगळे कामात. माशाने घाण केली, की ती हे उचलत. पान कुजलं, की त्यातलं विष हे खात. कोणी गाणं म्हणत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं. आपले मुकाट्याने पाणी निवळत बसले होते.

"हे घासतात तळं," आसरा म्हणाली. "राख न लावता. आणि तुमच्या हौदातही होते. दसऱ्याला तुम्ही एवढं टाकलंत, की त्यांना आवरेना. पाणी तिखट झालं आणि माशाचं अंग पोळलं, पंख पोळले. लाल झाले ते म्हणून. मग तुम्ही काय केलंत? त्या बिचाऱ्यांनाच खरवडून फेकून दिलंत. आणि रोज फेकताय."

शेवंतीने विचारलं, "आणि मग तो काळा का पडला?"

"पाणी थोडं निवळलं म्हणून. पोळलेली जागा भरून येताना काळी पडते. तुझा गुडघा फुटतो तेव्हा खपली धरते ना? तसंच. तुम्ही घाबरलात कधी? तो बरा व्हायला लागला तेव्हा!"

"आणि पांढरा?"

"तू बसून बघ महिनाभर घोंगडीखाली. त्याचा रंग उन्हावर असतो."

मग भीत भीत शेवंतीने खरा प्रश्न विचारला. "मग माझी ताई कशी आहे?"

आसरेने खांदे उडवले. "मला काय ठाऊक? ती काही माझ्या पाण्यात नाही. आणि त्या माशाला तरी काय ठाऊक? तो त्याच्या पाण्याचं सांगतोय, इतके दिवस घसा फोडून सांगतोय. तुम्हाला आपलं ऐकू येतंय तिच्याबद्दल."

एवढं बोलून ती पाण्यात शिरली, आणि तळं पुन्हा सपाट झालं.

शेवंतीने तो शेवाळाचा दगड ओंजळीत धरला आणि धावत घरी आली. आली ती थेट हौदाशी. घोंगडी काढून लांब फेकली. दगड पाण्यात ठेवला. आत्याबाई किंचाळल्या, "अगं शी! शेवाळ! नुसती घाण!" पण शेवंती हौदाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आत्या, आता या हौदाला शेंडी लावायची असेल तर आधी मला लावा." आत्याबाईंना असं कोणी आजवर बोललं नव्हतं. त्या चक्क गप्प बसल्या.

मग शेवंतीने आपली रीत बसवली. तळ्यातून अजून तसेच दगड आणले. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही. थोडंसं काढायचं, तेवढंच घालायचं, बाकीचं जुनं तसंच ठेवायचं. नवं पाणीही आधी उन्हात ठेवून कोमट करायचं. खायला सोनबा संपवेल एवढंच. आणि ऊन येऊ द्यायचं.

आधी सोनबा पोटभर खायला लागला. मग काळे डाग विरले. मग एके दिवशी कल्ल्यापाशी इवलासा सोनेरी ठिपका दिसला. तो पसरत गेला, पसरत गेला. शेपटी मात्र पांढरीच राहिली. ती काही परत सोनेरी झाली नाही.

तिकडे तलवारी एकदाच्या घासून झाल्या आणि फौज निघायच्या बेतात होती. नगाऱ्यावर टिपरी पडायची तेवढी बाकी. राजा सवयीने हौदात डोकावला आणि ओरडला, "सोनेरी! अहो, सोनेरी झाला! केतकी सुखात आहे! तलवारी ठेवा!" लढाई टळली. सैनिक घरी गेले. राजाच्या जिवात जीव आला, आणि त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

सगळं गाव खूश. एकटी शेवंती सोडून. ती राजापाशी गेली आणि म्हणाली, "आबासाहेब, सोनबा बरा झाला. ताई बरी आहे असं कोणी म्हटलं?"

"अगं, मासा सोनेरी झालाय ना!"

"तो त्याच्या पाण्यामुळे काळा पडला आणि त्याच्या पाण्यामुळे बरा झाला. मग ताईचं आपल्याला काय कळलं? लग्न झाल्यापासून आजपर्यंत आपल्याला काहीसुद्धा कळलेलं नाही."

राजाचा घास हातातच राहिला. खरंच की. इतके दिवस मासा सोनेरी बघून मिशीत हसला होता, आणि लेकीला भेटायला मात्र एकदाही गेला नव्हता.

"मला पाठवा," शेवंती म्हणाली. "मी विचारून येते."

"ती सांगेल मी खुशाल आहे."

"मी तिला खुशाली विचारणारच नाही."

मग शेवंतीची पालखी निघाली. सात डोंगर ओलांडले. केतकीचं सासर म्हणजे भलामोठा राजवाडा. सगळे सामोरे आले. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला. बाई प्रेमळ होत्या, खोटं कशाला बोला. आणि त्यांच्यामागे केतकी उभी. जरीचं लुगडं, अंगभर दागिने. हसली आणि म्हणाली, "मी खुशाल आहे."

दुपारी दोघीच माडीवर बसल्या तेव्हा शेवंतीने विचारलं, "ताई, इथलं पाणी कसं आहे?"

"गोड आहे," केतकी म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "असं का विचारलंस?"

शेवंतीने तिला सोनबाची सगळी हकिगत सांगितली. पानं, राख, घोंगडी, आसरा, सगळी. केतकी आधी हसली. "अगं वेडे, तू दांडी सोडत नव्हतीस म्हणून मी आपलं काहीतरी बोलले!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

म्हणाली, "सगळे चांगले आहेत गं. कोणी वाकडा शब्द बोलत नाही. पण आले त्या दिवशी सगळंच बदललं. लुगडं नेसायची तऱ्हा बदलली. जेवण बदललं. आणि ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नाव लिहिलं, राजलक्ष्मी. छान नाव आहे. पण तेव्हापासून मला केतकी अशी हाक कोणी मारली नाही. कधी कधी ते राजलक्ष्मी म्हणतात आणि मी मागे वळून बघते, की कोणाला बोलावतायत."

दाराशी सासूबाई उभ्या होत्या. दोघींसाठी वाटीतून खाऊ घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. केतकी घाबरून उठली. म्हणाली, "नाही, मी खुशाल आहे, म्हणजे..."

सासूबाई खाली बसल्या. शेवंतीला म्हणाल्या, "तुझ्या माशाचं सगळं पाणी एकदम बदललं होतं, म्हणालीस ना?"

"हो."

"आणि दगड घासले होते."

"हो. प्रेमानेच घासले होते पण."

सासूबाई बराच वेळ बांगड्या फिरवत बसल्या. मग शेवंतीने विचारलं. ती कुठली गप्प बसतेय! म्हणाली, "तुमचं नाव काय हो होतं आधी?"

आणि काय सांगू तुम्हाला, त्या बाईंना चटकन आठवेना. ओठ हलले, पण शब्द येईना. एवढी मोठी राणी, सगळं राज्य त्यांच्या शब्दावर चालायचं, आणि त्या आपलं नाव शोधत बसल्या होत्या. शेवटी त्या अगदी हळू म्हणाल्या, "भागू. मला भागू म्हणायचे."

केतकी त्यांच्याजवळ सरकली. म्हणाली, "भागूताई." सून सासूला अशी हाक मारते का कधी? पण तिने मारली. आणि सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

तर मग त्या घरात राजलक्ष्मीची पुन्हा केतकी झाली. राजलक्ष्मी हे नावही राहिलं, सणासुदीला वापरायला. आठवड्यातून एकदा रांजणपूरसारखी आमटी शिजायला लागली, आणि सासऱ्यांनी दोन वाट्या जास्त घेतल्या. केतकी माहेरी येऊ-जाऊ लागली. आणि राजासुद्धा, स्वतः, सात डोंगर चढून लेकीच्या घरी जायला लागला. गुडघे दुखले तरी गेला. तिथे जाऊन तो कशी आहेस असं विचारायचा, आणि उत्तर आलं की लगेच मान डोलवायचा नाही. जरा वेळ बसून राहायचा, मग खरं उत्तर यायचं.

असे ते सगळे सुखाने राहिले. सोनबा त्याच्या हौदात निजलाय, आसरा तळ्याच्या तळाशी निजल्यात, ते इवलाले जीव तेवढे अजून काम करतायत. त्यांना करू द्या. तुम्ही आता डोळे मिटा बघू.